पर दिसत नाहीत म्हणून अ‍ॅप्टेरिक्टस? बिनपराच्या सर्पवामांच्या वर्गीकरणाबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. वेंगुर्ल्याजवळ रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात, सुमारे दीड फूट लांबीचा, सापासारखा, पर (पोहण्याचे पंख) नसलेला मासा मिळाला. विचारणाऱ्यांनी त्याचे चार फोटो पाठवले आहेत. त्यांनी पुस्तके चाळली, तेव्हा अशा बिनपराच्या वामांना एका यादीत ‘अ‍ॅप्टेरिक्टस’, दुसरीत ‘केकुला’, तिसरीत ‘स्फॅगेब्रँकस’ आणि एका किल्लीत (ओळख पटवायच्या खुणांच्या तक्त्यात) ‘इक्थियापस’ असे म्हटलेले आढळले. हा साप तर नाही ना? यातली खरी प्रजाती कोणती? आणि पर नसणे हीच एवढी ठळक खूण असताना तेवढ्यावर प्रजाती का ठरू नये?

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. हा साप नाही. तुमच्या दुसऱ्या फोटोत गळ्याखाली दोन तिरप्या चिरा स्पष्ट दिसतात. त्या कल्ल्यांच्या फटी आहेत आणि सापाला कल्ले नसतात. समुद्री सापाच्या अंगावर खवले असतात आणि शेपूट वल्ह्यासारखी चपटी असते. तुमच्या माशाची कातडी गुळगुळीत आहे, शेपूट टोकाला निमुळती. तरी एक सांगून ठेवतो. मालवण-वेंगुर्ल्याच्या जाळ्यांत समुद्री साप नेहमी येतात, त्यात चोचीसारख्या तोंडाचा ‘हायड्रोफिस शिस्टोसस’ भरपूर असतो आणि तो जहाल विषारी आहे. तेव्हा आधी गळा आणि शेपूट बघायची, हात नंतर लावायचा. फोटोत तुमचा हात आधीच लागलेला दिसतोय, म्हणून लिहिले.

दुसऱ्या प्रश्नाला वेळ लागेल. तोवर वहीत ‘अ‍ॅप्टेरिक्टस’ लिहू नका. ‘ऑफिक्थिडी, बहुधा स्फॅगेब्रँकिनी’ एवढेच लिहा. का, ते सांगतो. पुढे ‘प्रजाती’ म्हणजे जीनस आणि ‘जाती’ म्हणजे स्पीशीज, विश्वकोशातल्याप्रमाणे. वर्तमानपत्रे नेमके उलट लिहितात आणि मग वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.

सर्पवामांचे, म्हणजे सापासारख्या दिसणाऱ्या वामांचे, कुल ऑफिक्थिडी. वामांच्या गणातले, म्हणजे अँग्विलिफॉर्मिसमधले, हे फार मोठे कुल आहे. जाती तीनशेच्या वर आणि प्रजाती साठाच्या आसपास. आपण बाजारात ‘वाम’ म्हणून घेतो ती याच गणातली, पण वेगळ्या कुलातली. ऑफिक्थिडीची पक्की खूण बाहेरून दिसत नाही, ती गळ्यात असते. कल्ल्यांच्या पडद्याला आधार देणाऱ्या बारीक हाडांच्या काड्या इतर माशांत दोन्ही बाजूंना आपापल्या जागी राहतात. इथे त्या संख्येने खूप असतात, लांब असतात आणि पोटाकडच्या मध्यरेषेवर एकमेकींवर चढतात. गळ्याखाली जणू विणलेली टोपली तयार होते. तिला ‘जुगोस्टेगॅलिया’ म्हणतात. वाळूत घुसलेल्या माशाला कल्ल्यांतून पाणी काढायचे असते आणि भोवतालच्या वाळूचा दाबही झेलायचा असतो, तिथे ही टोपली उपयोगी पडत असावी असे बहुतेकांचे मत आहे. उद्या तुमच्या माशाचा एक्स-रे निघाला तर आधी ती बघा. ती दिसली की कुलाबद्दल वाद उरत नाही.

कुलाची दोन उपकुले आहेत. मायरोफिनीत शेपटीच्या टोकाला मऊ पर असतो आणि तो पाठीच्या व गुदाच्या परांशी जोडलेला असतो. ऑफिक्थिनीत शेपटीला पर नाही, टोक उघडे आणि कडक. ताज्या माशाची शेपटी बोटाच्या पेरावर दाबून पाहा, बोथट सुईसारखी टोचते. हा मासा त्याच टोकाने, शेपटी पुढे करून, वाळूत शिरतो. भरतीच्या ओल्या वाळूवर जिवंत सर्पवाम सोडला तर तो क्षणात मागच्या मागे दिसेनासा होतो. पकडायला गेलात तर हातात फक्त वाळू येते. आपल्या विषयातले मासे म्युझियममध्ये इतके कमी का आहेत, याचे अर्धे उत्तर इथेच आहे.

ऑफिक्थिनीच्या पुढे आणखी चार जमाती आहेत: कॅलेकेलिनी, स्फॅगेब्रँकिनी, बॅस्कॅनिक्थिनी आणि ऑफिक्थिनी. शेवटचे नाव मराठीत उपकुलासारखेच दिसते. लॅटिनमध्ये शेवटची अक्षरे वेगळी असतात, देवनागरीत तो फरक पुसला जातो. ही चार जमातींची मांडणी अमेरिकेच्या कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसमधले जॉन मॅकॉस्कर यांनी १९७७ मध्ये हाडांचा सविस्तर अभ्यास करून केली. त्याआधी १९५१ मध्ये गोस्लाइन यांनी हवाईच्या सर्पवामांच्या हाडांवर काम केले होते. आज आपण सगळे मॅकॉस्करांच्याच चौकटीत काम करतो. डीएनएच्या अभ्यासाने तिचे कोपरे इकडेतिकडे सरकतील, पण तिच्या जागी आणता येईल अशी दुसरी पूर्ण चौकट मला तरी दिसलेली नाही.

स्फॅगेब्रँकिनी ही तुमच्या कामाची जमात. अ‍ॅप्टेरिक्टस, केकुला, सिरिकेकुला, हेमेरोरायनस, इक्थियापस, लॅम्नोस्टोमा, स्टिक्टोरायनस आणि यिर्काला या तिच्या प्रजाती. कल्ल्यांच्या फटी खाली, पोटाकडे सरकलेल्या, मुस्कट टोकदार, डोळे बारीक, छातीचे पर नाहीत. पण या सगळ्या बिनपराच्या नाहीत. यिर्काला, लॅम्नोस्टोमा आणि केकुला यांच्या पाठीवर पर असतो. अ‍ॅप्टेरिक्टस, इक्थियापस आणि सिरिकेकुला यांना मात्र एकही पर नसतो. म्हणजे एकाच जमातीत पर असलेले आणि नसलेले दोन्ही आहेत, आणि नसलेल्यांच्याही तीन वेगळ्या प्रजाती आहेत. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच मिळते.

उरलेले अर्धे जमातीबाहेर आहे. भूमध्य समुद्रात ‘डॅलोफिस इंबर्बिस’ नावाचा सर्पवाम आहे. त्याचे पर इतके बुटके की पटकन दिसत नाहीत, आणि तो बॅस्कॅनिक्थिनीत मोडतो. कॅलेकेलिनीतल्या ‘लेथार्कस’ला गुदपर नाही. मोरे वामांच्या कुलातल्या ‘युरोप्टेरिगियस’मध्ये पर शेपटीच्या टोकाशीच काय ते उरलेत. फार लांब कशाला, महाबळेश्वरहून सायलस आणि डॉसन यांनी १९६१ मध्ये वर्णन केलेला आपला दलदलीतला ‘इंडिकस’ घ्या. दिसायला वाम, पर जवळजवळ नाहीत, पण तो खऱ्या वामांच्या गणातलाच नाही, सिंब्रँकिफॉर्मिसमधला आहे. चिखलात किंवा वाळूत राहणाऱ्या लांबट माशांनी पर वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या घराण्यांत टाकून दिलेत. वाळूतून सरपटताना पराचा उपयोग कमी आणि घर्षण जास्त, त्यामुळे पर जाणे सोपे असते. जी गोष्ट इतक्यांदा घडते तिच्यावरून नाते ठरवायला गेलो तर परके लोक एका घरात येतात. जुन्या याद्यांत नेमके हेच झाले.

आता नावांचा इतिहास. तो कळल्याशिवाय तुमच्या चार पुस्तकांतली चार नावे जुळणार नाहीत.

१७५८ मध्ये लिनियसने ‘सिस्टेमा नॅचुरी’च्या दहाव्या आवृत्तीत भूमध्य समुद्रातल्या एका बिनपराच्या वामेला ‘म्युरिना सेका’ असे नाव दिले. सेका म्हणजे आंधळी. मासा आंधळा नाही, डोळे आहेत, फक्त बारीक आणि कातडीखाली. लिनियसकडे तो अल्जियर्समधला स्वीडनचा वाणिज्यदूत ब्रँडर याच्याकडून आला होता. १८०० च्या सुमारास फ्रान्सच्या लासेपेदने त्यासाठी वेगळी प्रजाती केली आणि तिला ‘सिसिलिया’ म्हटले. जातीच्या नावात ब्रँडरची आठवण ठेवली. अडचण अशी की ‘सिसिलिया’ हे नाव लिनियसने त्याच १७५८ च्या पुस्तकात दुसऱ्याच प्राण्यांना देऊन ठेवले होते. सह्याद्रीत पावसाळ्यात पाला उकरताना सापडणारे देवगांडूळ ज्या पायहीन उभयचरांपैकी आहे, त्यांना. एका नावाच्या दोन प्रजाती प्राणिशास्त्रात चालत नाहीत, आधीची राहते. म्हणून १८०६ मध्ये द्युमेरिलने माशासाठी ‘अ‍ॅप्टेरिक्टस’ हे नवे नाव आणले. पुढे कित्येकांनी त्याचे स्पेलिंग ‘दुरुस्त’ करून ‘अ‍ॅप्टेरिक्थिस’, ‘अ‍ॅप्टेरिक्थस’ असे लिहिले. ग्रीक व्याकरण त्यांच्या बाजूने होते, नामसंहिता, म्हणजे प्राण्यांच्या नावांचे आंतरराष्ट्रीय नियम, मूळ लेखकाच्या. मूळ स्पेलिंगच राहिले. प्रजातीचे नाव पुल्लिंगी, म्हणून जात ‘सेका’ची ‘सेकस’ झाली. आज तो मासा म्हणजे अ‍ॅप्टेरिक्टस सेकस.

एवढ्यावर भागले असते, पण मध्ये आणखी दोन नावे घुसली होती. वालने १७९४ मध्ये ‘केकुला’ ही प्रजाती केली आणि ब्लॉखने १७९५ मध्ये ‘स्फॅगेब्रँकस’. दोन्ही द्युमेरिलच्या आधीची. एकोणिसाव्या शतकात कल्ल्यांच्या फटी गळ्याखाली असलेला आणि पर कमी किंवा नसलेला जवळजवळ प्रत्येक सर्पवाम ‘स्फॅगेब्रँकस’मध्ये टाकला जाई. विसाव्या शतकात काही मोठ्या लेखकांनी तेच ओझे उचलून ‘केकुला’मध्ये ठेवले, कारण केकुला एका वर्षाने जुनी. तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या याद्या त्या काळच्या आहेत. त्या चुकीच्या म्हणता येणार नाहीत. त्यांनी केकुला किंवा स्फॅगेब्रँकस ही एक मोठी कोठी मानली होती, एवढेच.

केकुलाचा मूळ नमुना ‘केकुला टेरिजेरा’ याला मुळात पाठीवर पर आहे. म्हणजे बिनपराच्या माशांची कोठी ज्याच्या नावाने चालली, तोच मासा बिनपराचा नव्हता. हाडे आणि नाकपुड्या नीट तपासल्यावर केकुला पुन्हा आपल्या दोनचार माशांपुरती उरली, आणि भूमध्य समुद्रातल्या सेकसचे भाऊबंद द्युमेरिलच्या नावाखाली परत गेले. स्फॅगेब्रँकस आता केकुलाचे समनाम, म्हणजे त्याच प्रजातीचे दुसरे नाव, मानतात. तरी जमातीचे नाव मात्र त्याच्यावरून, स्फॅगेब्रँकिनी. प्रजाती समनाम ठरली म्हणून तिच्यावर बेतलेले वरच्या पातळीचे नाव आपोआप बदलत नाही, संहिता तशी सोय ठेवते. विद्यार्थ्यांना हे दरवर्षी समजावून सांगावे लागते आणि दरवर्षी कोणी तरी ‘केकुलिनी’ लिहितोच.

आपल्याकडच्या वाचकांसाठी आणखी एक खड्डा आहे. फ्रान्सिस डे यांचा ‘फिशेस ऑफ इंडिया’ १८७५ ते १८७८ मध्ये आला, आणि अजूनही किनाऱ्यावरची कित्येक टाचणे त्याच्याच आधाराने होतात. त्यात सगळे सर्पवाम ‘ऑफिक्थिस’ या एका नावाखाली आहेत. आज सर्पवामांची मूळ प्रजाती ‘ऑफिक्थस’ अशी लिहितात, आणि ‘ऑफिक्थिस’ हे स्पेलिंग २०२० पासून गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या कुचियासारख्या दलदलीतल्या माशांसाठी वापरात आले आहे. तेव्हा डे यांचे नाव जसेच्या तसे आजच्या डेटाबेसमध्ये टाकलेत तर तुमचा खाऱ्या पाण्यातला वाम आसामच्या तळ्यात जाऊन पडेल.

मग अ‍ॅप्टेरिक्टस ओळखायची कशी? पर नसणे हवेच, पण ते फक्त दार उघडते. आत गेल्यावर इक्थियापस समोर उभी असते. ही ब्रिझू द बार्नव्हिलने १८४७ मध्ये केलेली प्रजाती. अंग तसेच, डोळे तसेच, कल्ल्यांच्या फटी तशाच पोटाकडे आणि पर एकही नाही. नेमका फरक मुस्कटाच्या खालच्या बाजूला आहे. अ‍ॅप्टेरिक्टसची पुढची नाकपुडी छोट्या नळीसारखी बाहेर आलेली असते. इक्थियापसमध्ये नळी नसते, नाकपुडी मुस्कटाच्या पृष्ठाशी सपाट असते. सिरिकेकुलाला वरच्या ओठाच्या कडेला बारीक मिशांसारखे तंतू असतात, ती दिसली की लगेच कळते. शुल्ट्झ यांनी १९५३ मध्ये मार्शल बेटांवरच्या माशावरून ही प्रजाती केली.

एवढीशी नळी आणि तिच्यावर प्रजाती? हा प्रश्न मला नेहमी येतो. नळी एकटी नसते. तिच्याबरोबर दातांची मांडणी, कवटीची ठेवण, डोक्यावरच्या संवेदी छिद्रांची जागा आणि कल्ल्यांच्या कमानींची हाडे बदलतात. नळी ही त्या सगळ्याची बाहेरून दिसणारी पाटी आहे. पर नसण्याबरोबर असे काही ठरावीक बदलत नाही, म्हणून नळीची पाटी वाचायला बरी आणि पर नसण्याची फसवी.

प्रत्यक्ष बघताना एक युक्ती वापरा. फॉर्मालिनमधून काढलेला मासा ओला असताना मुस्कटावर पाण्याचा थर चमकतो आणि काहीच दिसत नाही. बायनॉक्युलर मायक्रोस्कोपखाली धरून रबरी फुग्याने हलकी हवा मारायची. पाणी उडाले की दोनतीन सेकंद संवेदी छिद्रे काळ्या ठिपक्यांसारखी उठून दिसतात: डोळ्यावरची, डोळ्याखालची, खालच्या जबड्याची आणि गालामागची, प्रत्येक रांग वेगळी मोजायची. तेवढ्यात पुन्हा ओल येते. पुन्हा हवा मारायची. पुढची नळी जर फॉर्मालिनमध्ये आखडून मुस्कटाला चिकटली असेल तर हवेने ती जराशी हलते, तिथे खात्री होते. घाईने डोळ्यांनी बघून ‘नळी नाही’ असे नोंदवलेले आणि नंतर अ‍ॅप्टेरिक्टस निघालेले नमुने मी बाटल्यांमध्ये पाहिलेत.

जात ठरवायला याहून पुढे जावे लागते, आणि तिथे मणके लागतात. सर्पवामांत मणक्यांची संख्या हा फार भरवशाचा आकडा आहे. इतर वामांत पाठीच्या पराच्या सुरुवातीपर्यंतचे मणके, गुदद्वारापर्यंतचे आणि एकूण असे तीन आकडे घेतात आणि त्यांची सरासरी सूत्रासारखी लिहितात. अ‍ॅप्टेरिक्टसला पाठीवर परच नाही, म्हणून पहिला आकडा नाही. गुदद्वारापर्यंतचे आणि एकूण, हे दोनच राहतात. या आकड्यांचा दुसरा फायदा पिल्लांसाठी होतो. वामांची पिल्ले, म्हणजे लेप्टोसेफलस, काचेसारखी पारदर्शक आणि पानासारखी चपटी असतात. आईबापांशी त्यांचे काही साम्य नाही. पण त्यांच्या अंगावरच्या स्नायूखंडांची संख्या मोठेपणीच्या मणक्यांशी जवळजवळ जुळते. खुल्या समुद्रातल्या बारीक जाळ्यात आलेले पिल्लू आणि वाळूतला मोठा मासा यांची सांगड बहुतेक वेळा अशीच लागते.

प्रजातीचा आजचा पसारा बघायचा तर २०१५ मध्ये मॅकॉस्कर आणि हिबिनो यांनी केलेला आढावा हा पाया आहे. त्यांनी पाच नव्या जाती जोडल्या. ‘वर्मा’ नावाची प्रजाती, जी जॉर्डन आणि एव्हरमन यांनी १८९६ मध्ये पश्चिम अटलांटिकच्या ‘केंडाली’साठी केली होती, तीही अ‍ॅप्टेरिक्टसमध्येच मोडते. आता एकूण जाती वीसच्या आसपास आहेत. पूर्व अटलांटिक आणि भूमध्य समुद्रात सेकस आणि अंग्विफॉर्मिस, पूर्व पॅसिफिकमध्ये इक्वेटोरियालिस आणि जिम्नोसेलस, हवाईची फ्लॅविकॉडस. पश्चिम अटलांटिकमधल्या एका जातीचे नाव तर नुसतेच ‘एएनएसपी’ आहे. बोल्के यांनी १९६८ मध्ये फिलाडेल्फियाच्या अकॅडमी ऑफ नॅचरल सायन्सेसची आद्याक्षरे जातीला दिली. लॅटिनचे शिक्षक नाक मुरडतील, पण नाव वैध आहे.

हिंदी महासागरात आणि त्यापलीकडे दूरवर पसरलेली जात म्हणजे ‘क्लाझिंगाई’. मॅक्स वेबर यांनी १९१३ मध्ये इंडोनेशियातल्या ‘सिबोगा’ मोहिमेच्या माशांमध्ये ती वर्णिली, तीही स्फॅगेब्रँकस म्हणूनच. आपल्या किनाऱ्यासाठी दोन नावे लक्षात ठेवा. २०१५ च्या आढाव्यातल्या पाच जातींपैकी एकीचे नावच ‘मलबार’ आहे. त्यानंतर ‘नांजिलनाडुएन्सिस’ ही जात आली, कन्याकुमारीकडच्या नांजिल नाडूच्या नावाची. म्हणजे पश्चिम किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला ही प्रजाती आहे यात शंका नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ती असू शकते का? वाळूचा तळ आहे, खोलीही बसते, न असण्याचे कारण मला दिसत नाही. पण ‘असू शकते’ आणि ‘नोंद आहे’ यांत मोठे अंतर आहे, आणि ते फोटोने भरत नाही.

ट्रॉलचे जाळे तळावरून घासत जाते, वाळूच्या आत जात नाही. हे मासे आत असतात. म्हणून जगभरच्या जुन्या नमुन्यांतले बरेचसे रोटेनोन (माशांचे विष) टाकून, ड्रेज (तळ खरवडणारी जाळी) ओढून किंवा तळाची वाळू उपसून मिळालेत. एखादा मासा जाळ्यात आला तरी तो टाकाऊ मासळीच्या ढिगात जातो आणि तिथून थेट फिशमीलला. रापणीत तो येणे म्हणूनच विशेष. रापण किनाऱ्याच्या वाळूला चिकटून येते आणि ओढायला वेळ लागतो, तेवढ्यात वाळू ढवळली जाते. आणखी नमुने हवे असतील तर रापणकारांशी बोलून ठेवा. जाळ्याच्या खोळीत वाळूबरोबर राहणारी ‘बारीक, बिनकामाची’ मासळी वेगळी काढायला सांगा.

आता तुमचा मासा. पहिल्या दोन फोटोंवरून मीही तो बिनपराचा धरला असता. तिसऱ्या फोटोत, डोक्याच्या मागे साधारण दोन बोटांवर, पाठीच्या मधोमध एक बारीक रेघ सुरू होते आणि मागे जाते. ती सावली नाही. चौथ्या फोटोत, जिथे मासा वळला आहे, तिथे तीच रेघ थोडी उभी राहिली आहे. तो बुटका पाठीचा पर वाटतो. ऑफिक्थिनीत हे पर बहुधा खाचेत झोपलेले असतात. मेलेल्या, सुकलेल्या माशात ते कातडीत मिसळून जातात आणि ‘बिनपराचा’ असा शिक्का बसतो. सुईचे टोक पाठीवर आडवे, शेपटीकडून डोक्याकडे हळू ओढा. पर असेल तर सुई अडते आणि पातळ पडदा उचलला जातो. खात्री एक्स-रेने होते. पराला आतून आधार देणाऱ्या हाडांची रांग मणक्यांच्या वर स्पष्ट दिसते, आणि खऱ्या अ‍ॅप्टेरिक्टसमध्ये ती दिसता कामा नये.

पर असेल, छातीचे पर नसतील आणि कल्ल्यांच्या फटी पोटाकडे असतील तर आधी यिर्काला, केकुला आणि लॅम्नोस्टोमा यांचा विचार करावा लागेल. वेंगुर्ल्याच्या खाडीच्या तोंडाशी मिळाला असेल तर लॅम्नोस्टोमाकडे जास्त लक्ष द्या, तिच्यातल्या काही जाती खाडीत आणि नदीतही शिरतात. छातीचा बारीकसा पर कुठे दिसला तर मात्र हे सगळे बाजूला ठेवून पिसोडोनोफिस बघा. तो आपल्या खाड्यांत नेहमीचा.

नमुना अजून बर्फात असेल तर आज रात्रीच एवढे करा. शेपटीकडच्या स्नायूचा तांदळाएवढा तुकडा स्वच्छ ब्लेडने काढून ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. फॉर्मालिन आधी लागले तर डीएनए हाती लागत नाही. डीएनएचा बारकोड मिळाला म्हणून नाव मिळेलच असे समजू नका. सर्पवामांच्या बाबतीत डेटाबेसमधले नमुनेच थोडे आहेत, आणि त्यांतले काही चुकीच्या नावाने ठेवलेत. मग मासा लांब ट्रेमध्ये सरळ ताणून, पाठ वर करून ठेवा, शेपटीशी आणि मुस्कटाशी टाचण्या लावा आणि दहा टक्के फॉर्मालिन घाला. वेटोळे होऊन कडक झालेल्या सर्पवामाची लांबी कोणालाच नीट मोजता येत नाही. आठवड्याभराने धुवून ७० टक्के अल्कोहोलमध्ये. चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाका: जागा, तारीख, रापण, पाण्याची अंदाजे खोली.

आणि कृपया आणखी दोन फोटो काढा. एक मुस्कटाचा, खालून, जितका जवळून काढता येईल तितका, पुढच्या नाकपुड्यांवर फोकस ठेवून. दुसरा गळ्याचा, दोन्ही फटी एका चौकटीत येतील असा. बाजूला मिलिमीटरची पट्टी असू दे. ते आले की नळीचे सांगतो.